तापानंतरची सावड

तळवली,
१४ जुलै १९५७

तीर्थरूप दादास,

पुतळाचा नमस्कार. खुशाली विचारू नकोस, ती असती तर मी लावणीच्या दिवसांत पत्र लिहायला बसलेच नसते.

काल भर दुपारी हे चिखलात पडले. नामाभावजींच्या शेतात चिखलणी चालली होती. नांगर ह्यांच्या हातात होता. बैल पुढे गेले, नांगर पुढे गेला आणि हे मागे गुडघ्यांवर खाली! मला आधी हसूच आलं. मिठाची भरलेली गोणी एकटा पाठीवर घेऊन होडीत टाकणारा माणूस, मला वाटलं, बायांची चेष्टा करतोय. जवळ गेले तर तोंड राखेसारखं झालेलं आणि अंगाला गार घाम. "मना जरा बसूं दे," एवढंच म्हणाले. ह्यांच्या तोंडून 'बसू दे' हा शब्द लग्न झाल्यापासून मी पहिल्यांदा ऐकला. 

गेल्या महिन्यात गावात ताप आला तो तुला कळवलाच होता. लोक त्याला 'मुंबईचा ताप' म्हणतात आणि माझ्याकडे बघतात, जसा काही तूच तो पिशवीत भरून आणलास. एकेका घरात सगळीच्या सगळी माणसं आडवी. सर्दी, खोकला, अंग ठणकून निघायचं. म्हाताऱ्यांना मात्र त्याने फारसा हात लावला नाही, तरण्यांनाच धरलं. ह्यांना तो सगळ्यांच्या आधी आला आणि आधी उतरला. उतरला तसे हे उठले. तू आता मुंबईकर, सावड विसरला असशील. आज तुझ्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. मग निजलेल्यांची रोपं काय कुजू द्यायची? ज्यांची ज्यांची माणसं तापाने पडली होती त्या सगळ्यांच्या शेतात हे राबले. नामाभावजी तर ह्यांचे लहानपणापासूनचे जोडीदार, ते अजून तापातच आहेत, म्हणून त्यांचं शेत ह्यांनी एकट्याने अंगावर घेतलं होतं.

सासूबाई म्हणतात नजर लागली. मीठ-मोहऱ्या उतरून झाल्या. दादा, मुंबईत एवढी माणसं ह्या तापाने पडली, तिथे ताप गेल्यावर कोणाला असं झालं का रे? मला भीती वाटते.

तुझी,
पुतळा


मुंबई,
१७ जुलै १९५७

चि. सौ. पुतळास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मी घाबरलो, मग परत वाचलं आणि हसलो. अगं वेडे, आमच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांपासून मालकापर्यंत सगळे ह्या फ्लूने झोपून उठले. मीही उठलो. आठवडाभर पायांत जीव नव्हता, जिना चढताना म्हाताऱ्यासारखा कठडा धरत होतो. अशक्तपणा तो, दुसरं काय? आता बघ, दिवसभर उभा राहून काम करतो.

बाळारामभावजींना सांग, भर लावणीत चिखलात बसकण मारायची युक्ती छान आहे, पण ती नव्या नवऱ्याला शोभते, दोन पोरांच्या बापाला नाही! त्यांना पेज दे, अंडी दे, आल्याचा चहा दे. खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण घाल आठ दिवस, म्हणजे पुन्हा गोण्या उचलायला लागतील. तुझा स्वभाव पहिल्यापासून असाच, मांजर आडवं गेलं तरी तुला वाघ दिसतो.

तुझ्या नणंदेच्या, चंदाच्या सोयरिकीचं काय झालं? घणसोलीची माणसं बरी आहेत असं ऐकतो. तुझ्या सासूबाई येसूबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझा दादा,
कमळाकर


तळवली,
२० जुलै १९५७

दादा,

तुझं पत्र मी चुलीत घालणार होते. मग वाटलं, ठेवावं आणि तू आलास की तुझ्यापुढे मोठ्याने वाचावं.

निवट्यांचं कालवण घातलं. दोन घास खाऊन हात धुतला. हे आता आडवे होऊ शकत नाहीत. पाठ टेकली की श्वास कोंडतो, म्हणून कणगीला टेकून बसल्या बसल्या डोळा लावतात. पाय सुजलेत. पोटरीवर बोट दाबलं तर खड्डा पडतो आणि कितीतरी वेळ तसाच राहतो. ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना मधल्या पायरीवर थांबतात आणि मी बघते आहे हे कळलं की बैलाकडे बघायला थांबल्यासारखं करतात. माझ्यापासून लपवायला निघालेत!

काल त्यांचा डोळा लागला तेव्हा मी छातीला कान लावला. आत काय धावपळ चालली होती म्हणून सांगू! भरभर, भरभर, आणि मध्येच काहीच नाही. मी माझा श्वास धरून बसले. मग पुन्हा सुरू झालं. दादा, माणसाच्या छातीत असं होतं हे मला माहीत नव्हतं. मी पोरांना घेऊन परसात जाऊन रडले.

आणि ह्यांचा घोर कसला, तर नामाभावजींचं शेत अर्धं राहिलं. तेही आता तापातून उठलेत, काल काठी टेकत आले होते. दोघे जोडीदार एकमेकांकडे बघून हसत बसले, कोण जास्त वाळलाय म्हणून. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

तू ये. पत्र लिहू नकोस, ये.

पुतळा


मुंबई,
२५ जुलै १९५७

चि. पुतळास,

भावजींना ठाण्याच्या डॉक्टरांना दाखवून तुम्हाला होडीत बसवलं आणि मी सुखरूप पोचलो. ठाण्याच्या बंदरावर तुला सगळं सांगायचं होतं. पण होडीत भावजी होते, त्यांच्यासमोर बोलवेना. म्हणून लिहितो. एकटी असताना वाच.

तू भावजींना घेऊन बाहेर बाकावर बसली होतीस तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावलं. तिरसट म्हातारा आहे, पण माणूस जाणता. क्ष-किरणांचा फोटो उजेडात धरून त्यांनी दाखवला. छातीत हृदय केवढं असावं आणि ह्यांचं केवढं दिसतं ते बोटाने काढून दाखवलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण तेवढं मलाही दिसलं. मी खुर्चीवर बसलो.

त्यांनी विचारलं, "ताप कधी आला होता?" मी म्हटलं, "तो केव्हाच गेला की डॉक्टर." तर टेबलावर थाप मारून म्हणाले, "ताप गेला, पण जाताना हृदयाला सूज देऊन गेला!" पुतळे, मी आजवर समजत होतो की फ्लू म्हणजे नाक-घसा, फार तर छातीत कफ. त्यांनी समजावलं ते असं. हृदय हा एक स्नायूच, दंडासारखा. काही माणसांत ह्या तापाचं विष तिथपर्यंत पोचतं आणि तो स्नायू सुजतो. सुजला की त्याला रक्त पुढे ढकलवत नाही. मग पाणी मागे तुंबतं, छातीत तुंबलं की आडवं निजवत नाही, पायांत उतरलं की सूज दिसते. ठोक्यांचा तालही बिघडतो. ते म्हणाले, "पाय मुरगळलेल्या माणसाला तुम्ही धावायला लावाल का? ह्याच्या सुजलेल्या हृदयाला तुम्ही नांगर ओढायला लावलात." मी मान खाली घातली. मी तर निवट्यांचं कालवण घालायला सांगितलं होतं.

आता नीट वाच. निजून राहायचं. पाणीसुद्धा हाताने घ्यायचं नाही, शौचालाही उठवू नकोस. जेवणात मीठ अजिबात नको. औषधाचे थेंब दिलेत ते सांगितल्याप्रमाणेच दे. चिडू देऊ नकोस, मनाला धक्का नको. असं दोन महिने काढले तर हृदय पुन्हा पहिल्यासारखं होऊ शकतं, होतं असं त्यांनी दोनदा सांगितलं. पण उठून कामाला लागले, तर ते एकाएकी थांबेल. तिशीही न ओलांडलेला माणूस! मला अजून खरं वाटत नाही.

आणखी एक. तुमच्याबरोबर आलेल्या येसूबाईंनी डॉक्टरांचं बोलणं दारातून ऐकलं होतं; बंदरावर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "घरान काळजाचा रोग हाय, ह्या गावान फुटलं त माज्या चंदाला कोन करील?" त्यांचं म्हणणं मला पटलं. घणसोलीकर रोग घराण्यात आहे समजतील आणि पोरीचं वाटोळं होईल. तेव्हा कोणी विचारलं तर वाताने पाय धरलेत म्हणून सांग. एवढ्याने कोणाचं काही बिघडत नाही.

होडी वल्हवणाऱ्या नामालाही तेच सांगितलंय.

दादा


तळवली,
१ ऑगस्ट १९५७

तीर्थरूप दादास,

नमस्कार. आज जरा बरं लिहायला आहे, म्हणून बसले.

काल रात्री हे एका उशीवर निजले. मी तीनदा उठून बघितलं, श्वास नीट चालला होता. पायाची सूज निम्मी उतरली. तुझ्या त्या तिरसट म्हाताऱ्याचं कल्याण होवो. मिठाचं मात्र मोठं युद्ध आहे. चहूकडे मिठागरं आणि आमच्या घरात अळणी भात! पहिल्या दिवशी ताट बघून म्हणाले, "ह्या त आजाऱ्याचं नाय, मेल्याचं जेवन." मी म्हटलं, तसं व्हायला नको म्हणूनच हे गिळा. गिळतात बिचारे. मी माझ्या जेवणातलंही मीठ बंद केलं. त्यांना ते कळलं तेव्हा माझ्याकडे बघत राहिले.

गावात तू सांगितलंस तेच सांगितलं, वात. सगळ्यांना पटलं. शेवंताबाई निरगुडीचा पाला देऊन गेल्या, मी तो मुकाट्याने घेतला. सासूबाईंच्या जिवात जीव आला, घणसोलीकर पुढच्या आठवड्यात येणार आहेत.

शेताची काळजी मिटली. नामाभावजींनी आमचं सगळं शेत अंगावर घेतलंय. मी नको म्हटलं तर रागावले. "त्यो माज्या शेतान पडला. त्याची सावड मी ठेवूं?" त्यांची बायको सखूही लावणीला येते. पण दादा, भावजी अजून पुरते सावरले नाहीत. नांगराच्या चार फेऱ्या झाल्या की बांधावर बसतात. मी काल चेष्टा केली, "काय भावजी, म्हातारे झालात की सखूने रात्री झोपू दिलं नाही?" तर हसले, पण भाकरी तशीच परत दिली.

ह्यांची बाज मी दाराशी ठेवलीय, तिथून शेत दिसतं. तेवढाच विरंगुळा. पण त्याचाही ताप झाला. काल एकाएकी मला हाका मारायला लागले. "नामा बसला बग. त्याला हाक मार. त्याला सांग घरी जा." मला वाटलं, दुसरा आपलं शेत करतो हे ह्यांना बघवत नाही. म्हटलं, "तुम्ही डोळे मिटा. डॉक्टरांनी जिवाला त्रास करायचा नाही म्हणून सांगितलंय." तरी हट्ट. शेवटी मी दार लोटून घेतलं.

आता शांत आहेत. तू काळजी करू नकोस. थेंब संपत आलेत, तेवढे पाठव.

तुझी,
पुतळा


मुंबई,
५ ऑगस्ट १९५७

पुतळे,

हे पत्र मिळेल त्या क्षणी चप्पल घाल आणि बाहेर पड.

आज थेंब आणायला ठाण्याला गेलो. डॉक्टरांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते खूश होते. बाटली बांधता बांधता त्यांनी सहज विचारलं, "गावात बाकीच्यांना ताप आला होता का?" मी म्हटलं, "सगळ्यांनाच." "मग ते काय करताहेत?" मी म्हटलं, "काय करणार, लावणी." त्यांच्या हातातली दोरी तशीच राहिली. म्हणाले, "अहो, तुमच्या मेव्हण्याचं हृदय काही जगावेगळं आहे का?"

पुतळे, ही गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नव्हती. मला वाटत होतं, हे संकट आपल्या घरावर आलंय, आपल्या दारापुरतं आहे. डॉक्टर म्हणाले, पुष्कळांना काही होत नाही. पण ज्याला तापानंतर दम लागतो, छातीत धडधडतं, अन्न जात नाही, बसावंसं वाटतं, त्याने त्याच घडीला काम टाकायचं आणि निजायचं. तुझ्या पत्रातला नामा मला आठवला. तो बांधावर बसतो, भाकरी परत देतो. भावजी त्याला घरी पाठवा म्हणून ओरडत होते ते शेतासाठी नव्हे गं. त्यांनी स्वतःचं दुखणं ओळखलं होतं.

वाताचं खोटं आता पुरे. सोयरीक मोडली तर मोडली, चंदाला मी मुंबईत स्थळ बघेन. नामाला आधी निजव. मग घरोघर जाऊन सांग. मी शनिवारी येतोच.

कमळाकर


तळवली,
९ ऑगस्ट १९५७

दादा,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. नामाभावजी मंगळवारी गेले.

आमच्याच शेतात. शेवटचं खाचर राहिलं होतं. मी आणि सखू रोपांच्या मुठी टाकत होतो. सखू म्हणाली, "बैल का थांबलं?" आम्ही वळून बघितलं तर भावजी नांगराच्या मुठीवर वाकलेले. सखूने हाक मारली. ते नुसते सरकत सरकत पाण्यात गेले. आम्ही त्यांना उताणं केलं तेव्हा डोळे उघडे होते. मी छातीला कान लावला. दादा, ह्यांच्या छातीत ते थांबलं की पुन्हा सुरू व्हायचं. मी वाट बघत राहिले. सखू विचारत होती, "काय ऐकतंस? काय ऐकतंस?" आणि मी तशीच कान लावून बसले. शेवटी लोकांनी मला ओढून उठवलं.

मला अजून काही खरं वाटत नाही. मध्येच वाटतं, सकाळी येतील, बैल सोडतील.

ह्यांनी सगळं दारातून पाहिलं. मी धावत आले तेव्हा बाजेवर उठून बसले होते. "मना उभं कर," म्हणाले, "त्याला खांदा देवाचा हाय." सासूबाई उंबऱ्यावर आडव्या पडल्या. मी ह्यांच्या छातीवर हात ठेवला आणि आतली धावपळ हाताला लागली. मी म्हटलं, "उठलात तर मी पोरांना घेऊन खाडीत जाईन." मी खरंच गेले असते. हे पुन्हा निजले आणि भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखे हुंदके देत राहिले.

तिरडी आमच्या दारावरून निघाली. दाराशी थांबली. नामाभावजींचा धाकटा भाऊ हिरामण पुढचा खांदा देत होता. तो तिथूनच ओरडला, "बाळाराम, माजा भाव तुज्या शेतान मेला! आनि तू पाय धरून घरान बसलास? वात आला म्हनून मरतोस काय तू?" सगळा गाव आमच्या दाराकडे बघत होता. कोणीतरी थुंकलं. आत हे उठायला लागले.

तेव्हा मी ओट्यावर आले. सासूबाईंनी माझा पदर धरला होता, तो फाटला. तुझं पत्र अजून यायचं होतं, पण भावजींच्या छातीला कान लावला तेव्हाच मला कळलं होतं; मी ओरडून सांगितलं. ह्यांना वात नाही, ह्यांचं हृदय सुजलंय, त्या तापाने सुजलंय. नामाभावजींचंही तेच झालं असणार, त्यांचाही ताप उतरला आणि ते नांगराला गेले. ताप आलेल्या कोणालाही हे होऊ शकतं. उचलाल, ओढाल, धावाल तर असेच पडाल.

 हिरामण मला मारायलाच येणार असं वाटलं. पण तो जागच्या जागी उभा होता, आणि त्याने मोकळा हात आपल्या छातीवर ठेवला. मग मी बघितलं, तिरडीला खांदा दिलेले चौघेही ताप येऊन गेलेले. मागे चालणारेही तसेच. साऱ्या गावात तरणा असा सुटलेला कोणी नव्हता. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले.

देवजीबाबा पुढे आले. सत्तरी केव्हाच ओलांडली आहे त्यांनी. म्हणाले, "पोरांनो, खांदं सोडा. आमाला ताप नाय आला. आमी नेताव." चार म्हाताऱ्यांनी तिरडी उचलली. चालताना त्यांचे पाय लटपटत होते, दर दहा पावलांवर टेकत होते, आणि सगळे तरणे गडी हात बांधून मागून चालले होते. असं दृश्य कोणाच्या वैऱ्यालाही दिसू नये.

संध्याकाळी मी सखूकडे गेले. बायका सरकल्या, मला जागा दिली. तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "पुतळे, तुना ह्या कवापासून ठावं व्हतं?"

मी म्हटलं, "ठाण्याहून आलो तवापासून."

 तिने मला शिव्या दिल्या असत्या, झिंज्या उपटल्या असत्या तर मी पाय धरले असते. तिने नुसतं तोंड फिरवलं. मी तिला काय सांगणार होते? नणंदेच्या सोयरिकीसाठी गप्प राहिले म्हणून? ती सोयरीकही मोडली. घणसोलीहून कालच निरोप आला.

मला वाटलं होतं, आता तरी गाव थांबेल. काल सकाळी दार उघडलं तर पुन्हा तेच. हिरामण चिखलात, त्याचे जोडीदार चिखलात. रोपं पिवळी पडायला लागलीत, शेत कोणासाठी थांबत नाही. मी बांधाबांधाने ओरडत फिरले. बाईमाणसाचं कोण ऐकतं? त्यातून मी खोटं बोललेली.

तेवढ्यात सखू आली. दहावा व्हायचा आहे, ओल्या कपाळाची बाई, कोपऱ्यातून उठायचंही नाही अशी रीत. ती पांढरा पदर डोक्यावर घेऊन भर दिवसा शेतात आली. बायकांनी तोंडं झाकून घेतली. ती सरळ हिरामणच्या खाचरात उतरली आणि नांगरापुढे आडवी बसली. "आदी मना चिरड," म्हणाली, "मंग नांगर." बैल थांबले. हिरामण रडत बांधावर आला. मग ती दुसऱ्या खाचरात गेली.

ज्यांना दम लागतो ते आता घरी आहेत. म्हातारे आणि बायका लावणी करताहेत. निम्मं शेत पडीक राहील असं दिसतं. ह्यांचे ठोके पुन्हा बिघडलेत, पण निजून आहेत.

आजही सखू पहाटेपासून बांधावर उभी आहे. मी भाकरी घेऊन गेले, तिने घेतली नाही. माझ्याशी ती बोलत नाही, माझ्याकडे बघतही नाही. मी तिच्या मागे चार हातांवर जाऊन उभी राहिले. तिने मला जा म्हटलं नाही, म्हणून मी दुपारपर्यंत तिथेच होते.

पुतळा